मुलांना नशेपासून लांब ठेवणारं वस्तीतलं मैदान: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

निधी मंजूर होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, ओपन जिमची यंत्रं येतात, नारळ फुटतो. पहिले काही दिवस मैदान गजबजलेलं असतं. पावसाळा सरेपर्यंत एक दिवा गेलेला असतो, यंत्राचं पेडल निखळलेलं असतं आणि दिवेलागणीनंतर तिथे कोण बसतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. मग लोक म्हणतात, "मुलांसाठी इतकं केलं, तरी पोरं बिघडलीच."

बहुतेक ठिकाणी चूक कामाच्या क्रमात झालेली असते. सामान आधी येतं आणि माणसं नंतर शोधली जातात, किंवा शोधलीच जात नाहीत. नुसती मोकळी जागा दिली की मुलं आपोआप सुरक्षित होतात, हा समज खरा नाही. स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलांच्या करमणूक केंद्रांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ठरलेला कार्यक्रम नसलेल्या, मोठ्यांचं लक्ष नसलेल्या केंद्रांत जाणाऱ्या मुलांमध्ये बेशिस्त वर्तन जास्त आढळलं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मोठ्या माणसाबरोबर काही करणाऱ्या मुलांमध्ये ते कमी होतं. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, पण आपल्या कट्ट्यांवर रोज दिसतं ते हेच.

हा लेख ११ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी वस्तीतलं एखादं मैदान, समाजमंदिर किंवा शाळेची जागा चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. पैसा थोडा लागतो. चिकाटी खूप लागते. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: आधी फिरा, पाहा आणि लिहून काढा

दोघादोघांच्या जोडीने चार वेळा वस्तीत फिरा: शाळेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, रात्री आठला, रात्री दहाला, आणि रविवारी दुपारी. चारही वेळची वस्ती वेगळी असते. पाचला क्रिकेट चालू असलेल्या मैदानाच्या त्याच भिंतीआड दहाला चिलीम पेटलेली असू शकते.

काय टिपायचं?

- मुलं कुठे बसतात: पाण्याच्या टाकीखाली, बंद पडलेल्या शौचालयामागे, अर्धवट बांधकामात, नाल्याच्या कठड्यावर.
- जमिनीवर काय पडलंय: गुटख्याच्या पुड्या, माव्याचा किंवा खर्र्याचा प्लॅस्टिकचा कागद, व्हाइटनरच्या बाटल्या, पंक्चरच्या सोल्यूशनच्या पिळलेल्या ट्यूब, उग्र वासाचे रुमाल, तळाशी चिकट डाग असलेल्या छोट्या पिशव्या, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जळलेली चंदेरी पन्नी. सुई किंवा सिरिंज दिसली तर हाताने उचलू नका.
- कुठले दिवे बंद आहेत, त्यांच्या खांबांचे क्रमांक.
- मुली कुठे आहेत. संध्याकाळी सातला मैदानावर एकही मुलगी नसेल तर तेही लिहा.
- आत्ता मैदान कोण वापरतं: मोठ्या मुलांची टीम, गाड्या लावणारे, मंडपवाले, भटकी कुत्री.

व्हाइटनर आणि सोल्यूशनकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण दारू-गांजा शोधणाऱ्या नजरेतून तेच सुटतं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयोगटात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १.१७ टक्के आढळलं, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के. पाहणीतल्या सगळ्या नशांमध्ये मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली ही एकच. ती स्वस्त असते, स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि घरच्यांना वास आला तरी ओळखता येत नाही.

मग मुलांशी बोला. घोळक्यात विचारू नका, दोन-तीन जणांत विचारा. तीनच प्रश्न पुरतात. शाळा सुटल्यापासून जेवेपर्यंत काय करता? इथे काय असतं तर रोज याल? कुठल्या वेळी, कुठल्या ठिकाणी जायला नको वाटतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं असतं. नशेबद्दल थेट विचारायची गरज नाही, ते बोलता बोलता आपसूक येतं.

सावध: मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नका आणि वहीत कुणाचं नाव लिहू नका. "अमक्याचा मुलगा नशा करतो" अशी चिठ्ठी वस्तीत फिरली की तुमच्याकडे पुन्हा कुणी येणार नाही.

तपासा: एका कागदावर वस्तीचा हाताने काढलेला नकाशा तयार आहे का? त्यावर धोक्याच्या जागा आणि धोक्याच्या वेळा दोन्ही आहेत का? वेळा नसतील तर पुन्हा फिरा.

## टप्पा २: माणसं जमवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मैदान चालू असेल त्या प्रत्येक तासाला दोन मोठी माणसं हजर हवीत, आणि त्यांपैकी एक शक्यतो बाई हवी. एकट्या माणसावर मुलं कधीच सोपवू नका, तो कितीही सज्जन असला तरी. हा नियम मुलांना जपतो तसाच त्या माणसालाही जपतो.

कोण चालेल? जुना कबड्डीपटू, निवृत्त एसटी कर्मचारी, बचत गटातली एखादी ताई, कॉलेजात शिकणारी खो-खोची खेळाडू, आशा ताई. खेळातली हुशारी दुय्यम आहे. मुलांची नावं लक्षात ठेवणारा, वेळेवर येणारा आणि आवाज न चढवता बोलणारा माणूस हवा. आठवड्यातून दोनच दिवस येणारा पण न चुकता येणारा, हा रोज येईन म्हणून दांडी मारणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

निवडताना तीन अटी स्पष्ट सांगा.

एक, मैदानाच्या वेळेत आणि मैदानाच्या आसपास तंबाखू, मावा, सिगारेट, दारू काहीही नाही. दाढेखाली गोळी धरून मुलांना शिट्टी वाजवणारा दादा मुलांना काय शिकवतो ते वेगळं सांगायला नको. सोडायची इच्छा असेल तर त्याला मदत करा, पण जबाबदारी नंतर द्या.

दोन, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. ओळखीचा असला तरी.

तीन, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. "आपसात मिटवू" हा पर्यायच नाही. हे पहिल्याच बैठकीत सांगा.

जमेल तसं मानधन द्या. फुकट काम करणारी माणसं उत्साहात येतात आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. आठवड्याला ठरावीक पाळ्या, पाळीला ठरावीक नावं, आणि प्रत्येक नावामागे एक बदली माणूस, अशी यादी भिंतीवर लावा.

नेहमीची चूक: मैदान मंडळाच्या किंवा एखाद्या भाईच्या हवाली करणं. त्याचा दरारा असतो म्हणून पहिल्या महिन्यात शिस्त दिसते. मग निवडणूक येते, वाढदिवसाचे फलक लागतात, आणि दुसऱ्या गल्लीतल्या मुलांना मैदान बंद होतं.

तपासा: किमान सहा माणसांनी आपापले दिवस आणि वेळ लिहून दिले आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. दोन माणसांवर सुरू केलेलं काम त्या दोघांपैकी एक आजारी पडला की बंद पडतं.

## टप्पा ३: परवानगी आणि किल्ली

जागा कुणाची आहे ते आधी कागदावर शोधा: महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, म्हाडा, गृहनिर्माण संस्था की शाळा. महापालिकेत एकाच मैदानाचे दिवे एका खात्याकडे, झाडं उद्यान विभागाकडे आणि समाजमंदिराची खोली मालमत्ता विभागाकडे, असं असू शकतं. प्रभाग कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "करा, करा" वर विसंबू नका. अर्जात दिवस, वेळ, वयोगट, जबाबदार व्यक्तींची नावं आणि वीजबिल कोण भरणार ते लिहा. शाळेची जागा हवी असेल तर मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीलाही विचारा. समितीत पालक असतात आणि तेच पुढे तुमची बाजू घेतात.

किल्ली दोघांकडे ठेवा आणि दोघांची घरं मैदानाजवळची असू द्या. संध्याकाळी साडेपाचला मुलं कुलपासमोर ताटकळली की दुसऱ्या दिवशी निम्मीच येतात.

## टप्पा ४: वेळापत्रक, म्हणजे खरं काम

टप्पा १ चा नकाशा समोर घ्या. धोक्याच्या वेळा होत्या त्याच वेळा मैदानाने घ्यायच्या. शाळा सुटल्यानंतर आणि आई-वडील कामावरून येण्याआधीचे दोन-अडीच तास बहुतेक वस्त्यांत सगळ्यात मोकळे असतात. पण सगळ्यांसाठी एकच वेळ ठेवली तर ज्यांना गरज आहे नेमकी तीच मुलं बाहेर राहतात. किमान तीन गट करा.

११ ते १३ वयोगट, साडेपाच ते पावणेसात. ही मुलं अजून विचारून खेळतात. त्यांना मोठ्यांबरोबर मिसळू देऊ नका. पहिली पुडी बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलाच्या हातून येते.

१४ ते १७ वयोगट, पावणेसात ते सव्वाआठ. यांना नुसता खेळ पुरत नाही, अधिकार हवा असतो. फक्कीने मैदान आखणं, पंचगिरी, साहित्याची नोंद, लहानांच्या गटाला शिकवणं ही कामं यांना द्या. पाळी लावून द्या, म्हणजे दोन लाडक्यांच्याच हाती राहणार नाहीत.

शाळा कायमची सुटलेली, काम करणारी मुलं, आठवड्यातून तीन दिवस साडेआठ ते साडेनऊ. गॅरेजवर, भाजीच्या गाड्यावर, मंडपाच्या कामाला जाणाऱ्या मुलांसाठी कुठलाच उपक्रम नसतो. त्यांच्या हातात रोजचे पैसे असतात, सोबत मोठी माणसं असतात आणि थकवा घालवायला काय घ्यायचं ते तीच शिकवतात. तुमच्याकडे एकच जास्तीची पाळी असेल तर ती या मुलांना द्या.

मुलींची वेळ वेगळी ठेवायची की एकत्र, ते मुलींनाच विचारा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला आठवड्यातले दोन दिवस फक्त त्यांचे ठेवावे लागतात. त्या दिवशी मुलगे कठड्यावर बसून पाहणार नाहीत, याची जबाबदारी मैदानावरच्या दादांची. मुलींना घरी पोचायला किती उजेडात निघावं लागतं ते धरून वेळ ठरवा. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या घरातल्या मुलींचाही विचार करा. त्यांची नशा मैदानावर दिसत नाही.

एका सत्राची घडी अशी बसवा: पाच मिनिटं हजेरी, दहा मिनिटं अंग मोकळं करणं, मग खेळ, आणि शेवटची पंधरा मिनिटं गोल बसून पाणी आणि गप्पा. घाई असली की ही शेवटची पंधरा मिनिटंच गाळली जातात. गाळू नका. घामेजलेली मुलं मातीत मांडी घालून बसलेली असतात, पाण्याचा जग एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतो, आणि तेव्हाच एखादा मान खाली घालून बुटाची लेस ओढत म्हणतो, "दादा, आमच्या वर्गात एक जण रोज काहीतरी हुंगतो." त्या वेळी उपदेश करू नका. "तुला काय वाटतं?" एवढं विचारा आणि ऐका.

खेळ निवडताना सामान कमी आणि मुलं जास्त लागतील असे निवडा. कबड्डीला मुलांसाठी १३ × १० मीटर आणि मुलींसाठी १२ × ८ मीटर जागा लागते, व्हॉलीबॉलला १८ × ९ मीटर. खो-खोला जागा याहून मोठी लागते. लंगडी, दोरीउड्या याहून सोपे. क्रिकेट ठेवा, पण रोज नको: एक फलंदाज खेळतो आणि बाकीचे उभे राहतात. आठवड्यातून दोन दिवस खेळ न आवडणाऱ्यांसाठी हवेत, कारण नशेकडे वळणाऱ्यांत मैदानावर कधीच न निवडली जाणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी कॅरम, बुद्धिबळ, ढोलकी, चित्रकला, सायकल दुरुस्ती, एकांकिकेची तालीम किंवा समाजमंदिरात अभ्यासिका ठेवा.

वर्षातले तीन खड्डे आधीच भरा.

परीक्षा: फेब्रुवारी-मार्चमध्ये पालकांच्या दबावाने मैदान बंद करतात. ताण सगळ्यात जास्त असतो तेव्हाच मोकळं व्हायची जागा जाते. वेळ निम्मी करा, बंद करू नका.

मे महिन्याची सुट्टी: दिवसभर मोकळी मुलं आणि दुपारचं ऊन. सकाळी साडेसहा ते साडेआठ असं सत्र जोडा.

उत्सवानंतरचे आठवडे: ढोल-ताशा पथकाचा सराव, दहीहंडीचे थर, मंडपाची कामं यांत मुलं कित्येक आठवडे गुंतलेली असतात. विसर्जन झालं की सगळं एकदम थांबतं आणि तोच घोळका मोकळ्या संध्याकाळी घेऊन कट्ट्यावर बसतो. विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी काय सुरू होणार ते गणपती बसायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा.

पावसाळ्यासाठी छपराखालची जागा जूनआधी ठरलेली असावी. "पावसामुळे आज नाही" हे लागोपाठ ऐकलं की मुलांची सवय मोडते, आणि मोडलेली सवय पुन्हा लावायला महिने जातात.

तपासा: वेळापत्रक मुलांना तोंडपाठ आहे का? रस्त्यात एखाद्याला विचारा, "आज किती वाजता?" उत्तर आलं नाही तर फलक मोठा करा आणि वेळा कमी बदला.

## टप्पा ५: जागेची डागडुजी

आता पैसे खर्च करा, आणि याच क्रमाने: उजेड, नजर, शौचालय, पाणी, साहित्य, सगळ्यात शेवटी यंत्रं.

उजेड मैदानाच्या मध्यावर पुरत नाही. मागचा कोपरा, शौचालयाची वाट आणि फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतची गल्ली उजळली पाहिजे. नजर म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला मैदान दिसणं. वाढलेली झुडपं छाटा, फाटके फ्लेक्स काढा, शक्य असेल तिथे बंद भिंतीऐवजी जाळी मागा. सहा फुटी भिंत बांधून मैदान सुरक्षित होतं असं वाटतं, पण आतलं काहीच दिसेनासं होतं. मुलींना वापरता येईल असं, आतून कडी असलेलं शौचालय नसेल तर मुली येणार नाहीत, बाकी कितीही करा.

मैदानाचा एक भाग बॉक्स क्रिकेटला भाड्याने द्यायचा प्रस्ताव येईल. येणाऱ्या पैशापेक्षा तिथे चालणाऱ्या पैजा आणि रात्री उशिराची वर्दळ महाग पडते. मुलांच्या वेळा आधी लेखी राखून घ्या, मग बोला.

सावध: स्पर्धेच्या पायी पानमसाला किंवा मद्याच्या नावाने येणारा पैसा घेऊ नका. तंबाखूच्या कंपनीचं प्रायोजकत्व तर कायद्यानेच बंद आहे. आणि जिंकलेल्या टीमला "पार्टी" देणाऱ्या मोठ्यांना वेळीच अडवा. पुष्कळ मुलांची पहिली बिअर चषकाच्या रात्रीची असते.

## टप्पा ६: आजूबाजूची दुकानं

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील कुणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत विक्रीच करता येत नाही. अंतराचा हा नियम शैक्षणिक संस्थेसाठी आहे, मैदानासाठी नाही. मैदान शाळेला लागून असेल तर अंतर शाळेपासून मोजा. वयाचा नियम मात्र सगळीकडे लागू आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि ई-सिगारेटवर देशभर २०१९ च्या कायद्याने.

दुकानदाराला या कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंतचा असल्याने तो हसण्यावारी नेतो. म्हणून तक्रारीत बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ नक्की लिहा. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाकडून नशेच्या मालाची ने-आण किंवा विक्री करून घेणाऱ्यासाठी कलम ७८ आहे, शिक्षा तेवढीच.

क्रम असा ठेवा. आधी दोन-तीन वडीलधारी माणसं आणि बचत गटाच्या ताया मिळून टपरीवाल्याशी शांतपणे बोला. तोही त्याच वस्तीतला असतो आणि त्यालाही मुलं असतात. त्याच फेरीत स्टेशनरी, हार्डवेअर, पंक्चर आणि औषधाच्या दुकानांतही जा. मुलाला सोल्यूशन किंवा थिनर सुटं देऊ नका, डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नका, एवढं मागा. दोन आठवड्यांनी फरक नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, अर्ज त्याच्या नावे द्या आणि पोच ठेवा.

सावध: गांजा, एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) किंवा नशेच्या गोळ्या विकणाऱ्याशी तुम्ही बोलायला जाऊ नका, आणि त्याची माहिती काढायला मुलांना पाठवणं तर अजिबात नको. १९३३ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनवर कळवा, तातडीचं असेल तर ११२. टपरी उलटवणं, मुलांच्या खिशांची झडती घेणं, "पकडलेल्या" मुलाला चौकात उभं करणं, यातलं काहीही करू नका.

## टप्पा ७: पालक

लांब भाषणाच्या सभेला पालक येत नाहीत. मुलांचा सामना ठेवा, आई-वडिलांना बघायला बोलवा, आणि मध्यंतरात पंधरा मिनिटं बोला. दोनच गोष्टी मागा.

पहिली: रात्री घरी यायची वेळ गल्लीने मिळून ठरवायची. एकाच घराने ठरवली की "सगळे बाहेर असतात, मलाच का" सुरू होतं. आइसलँडमध्ये १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही असा नियम आहे, आणि पालक गटागटाने संध्याकाळी फेरी मारतात. जोडीला मुलांना खेळ आणि कलेच्या वर्गांसाठी सरकारी पैसा मिळतो. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांत गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगणारे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, २०१६ मध्ये ५ टक्के. तो छोटा, श्रीमंत देश आहे, पैशाची बाजू आपल्याला तशीच्या तशी जमणार नाही. पण चार घरांनी मिळून वेळ ठरवायला पैसा लागत नाही.

दुसरी: मुलाला पुडी, बिडी किंवा क्वार्टर आणायला पाठवायचं नाही. कित्येक मुलांची टपरीशी ओळख वडिलांच्या किंवा आजोबांच्या कामानेच होते.

## टप्पा ८: नशेत असलेला मुलगा समोर आला तर

हे सगळ्या दादा-ताईंना आधीच शिकवून ठेवा. त्या क्षणी आठवायला वेळ नसतो.

१. दचकवू नका, पाठलाग करू नका, पळायला लावू नका. व्हाइटनर, थिनर किंवा सोल्यूशन हुंगलेल्या मुलाच्या हृदयाचे ठोके एकदम बिघडू शकतात. घाबरणं किंवा पळणं त्याला पुरतं. अशा वेळी मुलं जागीच दगावली आहेत. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं हे तर जिवावर बेतणारं.

२. मोकळ्या हवेत शांत बसवा. रुमाल, पिशवी बाजूला घ्या. झोपेकडे झुकत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. उलटी करायला लावू नका, लिंबूपाणी किंवा ताक पाजू नका.

३. हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा घुरघुरता असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटके येत असतील तर लगेच १०८. "झोपू द्या, उतरेल" म्हणून एकटा सोडू नका. काय घेतलं ते माहीत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

४. बोलणं दुसऱ्या दिवशी. त्याचा विश्वास असलेल्या एकानेच बोलावं. "का केलंस?" ऐवजी "कधीपासून? कुणासोबत? घेतलं नाही तर काय होतं?" असं विचारा. घरच्यांना सांगायचं असेल तर आधी त्याला सांगून सांगा. घरी मारहाण होण्याची भीती खरी वाटत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर सल्ला घ्या.

५. पुढची वाट दाखवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पहिल्यांदा कुणीतरी सोबत जा. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं, सल्ल्यासाठी अशा अनुभवी संस्थेशी आधीच ओळख करून ठेवा. कुठल्याही केंद्रात मुलाला ठेवण्याआधी तिथे अल्पवयीनांची वेगळी सोय आहे का ते स्वतः जाऊन पाहा.

नेहमीची चूक: त्याला मैदानातून काढणं. "बाकीची बिघडतील" हे कारण दिलं जातं. नशेत असताना खेळायचं नाही, मैदानावर काही आणायचं किंवा वाटायचं नाही, हे नियम कडक ठेवा. पण शुद्धीवर असताना त्याला यायची वाट मोकळी हवी. इथून हाकलल्यावर तो जाणार ती जागा तुमच्याच नकाशावर खूण केलेली आहे.

घाबरवणारी व्याख्यानं, कर्करोगाची भयानक चित्रं, सामूहिक शपथ यांवर फार वेळ घालवू नका. नुसत्या भीतीचा परिणाम टिकत नाही. "नको" कसं म्हणायचं त्याचा सराव करून घ्या. मित्र पुडी पुढे करतो, हसतो, "घाबरतोस का?" म्हणतो, असा प्रसंग मुलांनाच करून दाखवू द्या. उत्तरं त्यांची त्यांना सुचू द्या, ती तुमच्यापेक्षा चांगली असतात.

## टप्पा ९: हजेरीची वही

चषक मोजू नका, हजेरी मोजा. साधी रेघांची वही, डावीकडे नावं, वर तारखा. दर शनिवारी दोघांनी बसून एकच गोष्ट शोधायची: नियमित येणारा कोण थांबला? लागोपाठ तीन सत्रं न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी जायचं. तक्रार घेऊन जाऊ नका, "बरा आहे ना?" एवढंच विचारा. कधी ताप असतो, कधी गावाला गेलेला असतो, आणि कधी आई दारातच म्हणते, "बरं झालं आलात." सगळ्या उपक्रमात धोका लवकर ओळखायचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

वहीत फक्त हजेरी असावी. कोण काय घेतो याची नोंद तिथे नको, आणि वही मैदानावर पडून राहू नये. मुलांच्या लघवीची किंवा रक्ताची तपासणी करायचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या. ते काम डॉक्टरांचं आहे, आणि एकदा केलं की मुलं परत येत नाहीत.

दर तीन महिन्यांनी टप्पा १ च्या चारही फेऱ्या पुन्हा करा. धोक्याच्या जागा सरकतात. मैदान उजळलं की घोळका मागच्या नाल्यावर जातो, तिथे दिवा लागला की रेल्वेच्या भिंतीपाशी. नवा नकाशा जुन्याशेजारी लावा आणि वेळापत्रक त्याप्रमाणे हलवा.

शेवटचं काम दर जूनला करायचं. पाळीच्या यादीतली कोणती माणसं बदलीवर, लग्नामुळे किंवा शिक्षणासाठी जाणार आहेत ते विचारा आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना महिनाभर त्यांच्याबरोबर उभं करा. नवे दादा-ताई शक्यतो याच मैदानावर वाढलेल्या, आता अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींतून घ्या. पडताळणी त्यांचीही करा, आणि दुसरी किल्ली त्यांच्यापैकी एकाकडे द्या.